पांढऱ्या सुरीची धार

आमच्या घरातली पांढरी सुरी बोथट झाली आहे हे मला सुरीवरून नाही, भाजीच्या पिशवीवरून कळलं. आई फोनवर भाजीवाल्याला यादी सांगते, तो पिशवी वॉचमनकडे ठेवून जातो आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना ती वर आणायचं काम माझं. पिशवी उचलली की आत डोकावायची मला सवय आहे. काही दिवसांपासून तिच्यात नुसती मेथी, मटार, गवार आणि बटाटे दिसत होते. म्हणजे निवडायच्या, सोलायच्या, मोडायच्या आणि उकडायच्या भाज्या. कोबी गेला, भेंडी गेली, दुधी गेला. आमटीत टोमॅटोच्या जागी आमसूल आलं.

"कोबी का नाही मागवलास?" मी विचारलं.

"महाग हाय," आई म्हणाली.

आई मूळची लोणी काळभोरची. धायरीत येऊन तिला चाळीसेक वर्षं झाली तरी थाप मारताना तिच्या तोंडी हटकून गावचा 'हाय' येतो. मी सरळ ओट्याजवळ गेले, सुरी घेतली आणि फ्रीजमध्ये उरलेल्या एका टोमॅटोवर टेकवली. टोमॅटोचं साल आत दबलं, कापलं गेलं नाही. आई दारात उभी होती. ती बाहेर जाऊन टीव्हीसमोर बसली. त्या क्षणापासून मी अस्वस्थ झाले. ती अस्वस्थता का होती हे समजायला आधीचं थोडं सांगायला हवं.

दोनेक वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं चार दिवसांत सुधारलं, पाय महिन्याभरात चालता झाला. मागे राहिला तो उजवा हात. खांद्यापासून तो उचलता यायचा, मूठही मिटायची, पण त्या मुठीत जोर नव्हता. गुडघे आधीच कुरकुरत होते, त्यामुळे जमिनीवर बसून विळीवर चिरणं संपलंच. विळी मी माळ्यावर टाकली. त्यानंतर भाजी मी चिरायला लागले. मी चिरलेल्या भाजीकडे बघून आई म्हणायची, "असू दे. ढोरांना घालायला बरी आहे." चूक तिचीही नव्हती. मी सॉफ्टवेअर तपासते, दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा पगार घेते. स्वतः काही नीट करून दाखवायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

मग माझा धाकटा भाऊ जर्मनीहून सुट्टीला आला आणि त्याने ही सुरी आणली. पांढरी, प्लॅस्टिकच्या पट्टीइतकी हलकी. पातं लोखंडाचं नाही, स्टीलचं नाही. झिर्कोनिया नावाच्या पदार्थाची पूड दाबून, भट्टीत भाजून केलेलं. कपबशीची कुणी खूप लांबची, श्रीमंत नातेवाईक म्हणा. गंजत नाही, तिला वास लागत नाही, आणि दाबावं म्हणून लागत नाही. आईने आधी ती उलटीसुलटी करून विचारलं, "खेळण्यातली आहे का?" मग भावाने तिला सुरी कशी धरायची ते दाखवलं, चिरायचा पाट ठेवला, काकडी दिली. आईने काकडीच्या पातळ चकत्या पाडल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. भावाने व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि दिवसभर अंगठे येत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसातून येईपर्यंत भाजी चिरलेली असायची. बारीक, एकसारखी, आईच्या हातची. सुरीची मूठ बोटांतून निसटू नये म्हणून तिने जुन्या सुती साडीची चिंधी तिच्यावर घट्ट गुंडाळून घेतली होती. मी भेटेल त्याला सांगत सुटले की आईचा हात सुधारतोय. शेजारणींना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, डॉक्टरांना तर असं सांगितलं की जणू मीच बरा केला.

आता पौर्णिमेचं. वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात जेवण असतं. पुरी, खीर, भाजी आणि येईल तो जेवेल अशी पंगत. आदल्या दिवशी दुपारी वस्तीतल्या बायका भाजी चिरायला जमतात आणि प्रत्येक बाई आपली विळी घरून घेऊन येते. दुसरीच्या विळीवर कुणी बसत नाही. प्रत्येकीच्या पात्याचा बाक वेगळा, पाटाची उंची वेगळी, परक्या विळीवर हात कापतो म्हणतात. बायका गोल करून बसतात, मधे ताडपत्रीवर भोपळ्यांचा आणि वांग्यांचा ढीग, आणि चार तास तोंड व विळी दोन्ही चालू. आई या गोलात लग्न होऊन आली त्या वर्षापासून बसायची. वडील गेले त्या वर्षीही बसली. झटक्यानंतरच्या पौर्णिमेला मात्र ती गेली नाही. मी घरी खिरीचा डबा आणला, तो तिने उघडलासुद्धा नाही.

यंदा तिने स्वतः विहारातल्या बायकांना फोन करून कळवलं होतं. "मी येणार. खुर्चीवर बसेन, पण माझं हत्यार घेऊन येणार." हे ती बोलली तेव्हा मी पलीकडच्या खोलीत होते आणि मला रडू आलं होतं. आणि आता पौर्णिमा महिन्यावर आली असताना त्या हत्याराने टोमॅटोही कापला जात नव्हता. मला भीती वाटत होती ती याची, की ती पुन्हा 'यंदा नको' म्हणेल आणि मग दरवर्षीच म्हणेल.

मी भावाला फोन केला. "टाकून दे ताई, नवीन पाठवतो," तो म्हणाला. त्याच्याकडे सगळ्यावर हाच उपाय असतो. ती येईपर्यंत पौर्णिमा उलटून जाणार होती, म्हणून मी इथेच तशीच एक ऑनलाइन मागवली. तिची मूठ जाडजूड निघाली. आईच्या बोटांत ती मावेना. पहिल्याच दिवशी हातातून सुटून फरशीवर पडली आणि टोक तुटून फ्रीजखाली गेलं. आईने चिंधीवाल्या सुरीकडे बघून सांगितलं, "मला हीच पाहिजे. हात हिला ओळखतो."

रविवारी सोसायटीच्या गेटवर धारवाला आला. सायकलच्या कॅरिअरवर दगडी चाक, पायडल मारलं की फिरणारं. मी धावत खाली गेले. त्याने सुरी नखाने वाजवून पाहिली.

"ताई, हे चिनीमातीचं हाय."

"माहितेय. धार लावता येईल का?"

"कपाला धार लावतं का कुणी? चाकावर धरली तर तुकडे वेचत बसाल." असं म्हणून त्याने शेजारच्या काकूंची कात्री घेतली.

मग मी शनिवार पेठेत गेले. तिथे सुऱ्याकात्र्यांचं एक जुनं दुकान आहे. मालकांनी चष्मा वर करून सुरी पाहिली, चष्मा खाली केला आणि विचारलं, "कुठून घेतली?"

"जर्मनीहून."

"मग धार लावायलाही तिकडेच न्या. आपण दुपारी एकला बंद करतो." तेव्हा साडेबारा वाजले होते.

माझा स्वभाव असा आहे की एखादी गोष्ट होत नाही असं कुणी सांगितलं की मला स्वस्थ बसवत नाही. खायला बसले तरी एक पाय हलत असतो. मी व्हिडिओ पाहायला लागले. कुठल्या कुठल्या देशांतले दाढीवाले पुरुष असल्या सुऱ्यांना धार लावताना पाहिले. एवढं कळलं की साधा दगड कामाचा नाही, सुरी दगडालाच गुळगुळीत करून सोडते. तिच्याहून टणक हवं, म्हणजे हिरा. हिऱ्याची बारीक पूड बसवलेली पोलादी पट्टी मिळते, ती मी मागवली. आईला सांगितलं तर म्हणाली, "आयुष्यात अंगावर हिरा पडला नाही, आणि सुरीला हिरा."

घासायला बसले आणि खरी कसोटी सुरू झाली. माळ्यावरची विळी वडील दगडावर घासायचे तेव्हा मी बघत असे. लोखंड घासलं की पात्याच्या पलीकडच्या बाजूला केसाएवढी कड उठते. बोट फिरवलं की ती कळते. ती उठली की ही बाजू झाली, आता दुसरी. म्हणजे लोखंड तुम्हाला थांबा म्हणून सांगतं. ही सुरी काही सांगत नाही. कड उठत नाही, आवाज बदलत नाही, पांढरं पीठ तेवढं पट्टीवर साचतं. झाली का? अजून थोडी? जोर लावला तर कपाच्या काठाचा उडतो तसा पात्याचा टवका उडतो, मग तो घालवायला पुन्हा सगळं पातं घासा. पहिल्या दिवशी मी थांबायचं कुठे हे न कळून इतकी घासली की आई म्हणाली, "सुरी ठेव थोडी. मूठच हातात येईल."

तरी जमलं. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून सुरी फिरवली की सर्रकन फाटायचा. मी विजयी मुद्रेने सुरी आईला दिली. त्या दिवशी कोबी आला, भेंडी आली. आणि चार दिवसांनी पिशवीत पुन्हा मेथी आणि मटार.

मी पुन्हा धार लावली. पुन्हा कागद फाटला, पुन्हा चार दिवसांनी मटार. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा माझा तोल गेला.

"तू हिने चिरतेस तरी काय? नारळ फोडतेस का?"

"मी काय दगड चिरते?"

"मग धार जाते कुठे? असल्या सुरीची धार महिनोन्‌महिने टिकते. सगळ्यांची टिकते."

"मग सगळ्यांच्या घरी जाऊन राहा," आई म्हणाली. आमच्या घरात भांडण इथे संपतं.

पण माझं डोकं थांबेना. ऑफिसात एखादी चूक पुन्हा पुन्हा येत असेल तर आपण चुकीच्या जागी दुरुस्ती करतोय, हे मला कळतं. घरी ते कळायला वेळ लागला. वडिलांच्या टेबलाच्या खणात त्यांचं जाड भिंग होतं, ते काढून मी खिडकीत उभी राहिले आणि सुरी पहिल्यांदा नीट पाहिली. टोकाकडे धार शाबूत. मधे शाबूत. मुठीला लागून जेमतेम बोटाच्या एका पेराएवढी जागा मात्र कुरतडलेल्या बिस्किटासारखी झाली होती. कागद मी नेहमी मधल्या पात्यावर फाडत होते. तो फाटणारच होता. माझी परीक्षाच चुकीची होती.

पण त्या पेराएवढ्या जागेवर कोण चिरतं? भावाने शिकवलेल्या पद्धतीने सुरी पुढेमागे फिरवली तर सबंध पातं झिजायला हवं.

"आई, मला भेंडी चिरून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."

ती जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसली. पाट घेतला, भावाने शिकवल्याप्रमाणे सुरी धरली, भेंडीवर टेकवली आणि दोन तुकडे केले. तिसऱ्याला तिचं मनगट वळलं. ती थांबली. "तू डोक्यावर उभी राहू नको. चहा टाक जा."

मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि मागे वळून पाहिलं. आईने पाट बाजूला सारला. उजवी मूठ टेबलावर टेकवली, मुठीत सुरी, पातं उभं, धार स्वतःकडे. कोपर पोटाशी घट्ट आवळलं. मग डाव्या हाताने भेंडी उचलली आणि पात्याकडे नेली. मुठीच्या लगेच वर, त्या पेराएवढ्या जागेवर. तुकडे खालच्या ताटात पडत होते, एकसारखे, पटापट. सुरी हलत नव्हती. भाजी हलत होती. देठाशी आल्यावर डाव्या मनगटाने एक छोटा झटका द्यायची आणि देठ तोडायची. विळीवर सगळ्याच बायका तसाच देतात. लोखंड तो झटका सोसतं. भाजलेली पूड सोसत नाही, तिचा बारीकसा टवका उडतो.

आईने सुरीची विळी केली होती. माळ्यावरच्या विळीची जागा तिच्या मुठीने घेतली होती.

चहा उतू गेला. आवाजाने तिने मान वळवली आणि मला दारात पाहिलं. सुरी तशीच उभी होती.

"हात पडेल ना अशाने धारेवर," मी म्हणाले. बोलायचं दुसरंच होतं.

"इतकी वर्षं विळीवर बसले, पडला का?"

"पण आई, तुझा हात तर सुधारला होता. काकडी चिरलीस ना तू."

"काकडी मऊ असते. आणि तुम्ही सगळे बघत होता." तिने सुरी खाली ठेवली आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एकेक करून सरळ केली. "हा हात आता एवढंच करतो. धरून ठेवतो. पहिल्यापासून एवढंच करतोय."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू हातालाही धार लावायला बसली असतीस."

मी गॅस पुसायला लागले, कारण हाताला काहीतरी हवं होतं. मला राग आला होता आणि लाजही वाटत होती, आणि या दोन्हींच्या खाली एक साधं दुःख होतं. तो हात बरा होणार नव्हता. ती हे दोन वर्षं जाणून होती आणि माझ्यासाठी रोज सुधारत होती. मी गावभर सांगितलेली बातमी तिने एकटीने सांभाळली होती.

रात्री जेवताना मी विचारलं, "पौर्णिमेला जायचंय ना?"

"जायचंय. पण तिथे सगळ्या बघतील."

"बघू देत. विळीच तर दिसेल त्यांना."

दुसऱ्या दिवशी पिशवीत एक छोटा लाल भोपळा होता. तो जड होता आणि मला पिशवी हातात घेताच कळला.

मग मी पहिल्यांदा योग्य जागी धार लावली. सबंध पात्याला हात लावला नाही, फक्त तेवढ्या जागेला. तिथली धार मुद्दाम जरा जाड ठेवली, म्हणजे झटका सोसेल. कागद फाडून पाहिला नाही. सुतारापाशी जाऊन सागवानी लाकडाचा एक ठोकळा करून घेतला, मुठीच्या मापाची खाच असलेला, खाली रबर. चिंधीसकट मूठ त्यात घट्ट बसते आणि पातं उभं राहतं. आईने ठोकळ्यावर नुसता हात ठेवायचा, तो धरून ठेवतो तसा. भोपळा आधी मी मोठा फोडून द्यायचा, फोडी तिने करायच्या. "आता नारळ खवायचं टोक पण लाव पुढे," आई म्हणाली. म्हणजे पसंत होता.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि आईला रिक्षाने विहारात नेलं. बायका गोल करून बसल्या होत्या. तिच्यासाठी एक खुर्ची आणि शाळेचं जुनं बाक मांडलं होतं. आईने पिशवीतून ठोकळा काढला, सुरी काढली, खाचेत बसवली. विळ्या थांबल्या. तिच्याच वयाच्या एका बाईंनी मान तिरकी करून पाहिलं आणि विचारलं, "ही कसली गं विळी? पांढरी?"

"म्हातारी झाली ना ती पण," आई म्हणाली. सगळ्या हसल्या आणि विळ्या पुन्हा सुरू झाल्या. कुणीतरी तिच्यापुढे भोपळ्याचे तुकडे ओतले. आईने डाव्या हाताने एक उचलला आणि पात्याकडे नेला.

मी खांबाला टेकून उभी होते. धार गेली तर म्हणून पर्समध्ये हिऱ्याची पट्टी घेतली होती. ठोकळा सरकतोय का, झटका जास्त बसतोय का, हे बघत मी या पायावरून त्या पायावर होत होते. आई वर न बघता म्हणाली, "खांब पडत नाही. विळी घे आणि बस."

"माझी विळी कुठाय?"

तिने पायाशी असलेली दुसरी पिशवी पायानेच माझ्याकडे सरकवली. माळ्यावरची विळी होती. ती कधी उतरवून घेतली आणि कुणाकडून, मला कळलंही नव्हतं. पातं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

मी खाली बसले, पाटावर पाय दाबला, वांगं हातात घेतलं आणि पात्यावर दाबत पुढेमागे करायला लागले. पाट हलला.

"तू नको हलू," आई म्हणाली. "पाट धरून बस. वांगं आण पात्याकडे."

मी तसं केलं. वांगं चिरलं गेलं, तुकडा जाड झाला. ढोरांना घालायला बरा होता, पण ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मला उठावंसं वाटलं, सवयीने. पण विळीवरून पाय काढला की पाट उचलतो आणि पातं कलंडतं, हे मला एवढ्यात कळलं होतं. मी पाय काढला नाही. शेजारी खुर्चीवर आईचा उजवा हात ठोकळ्यावर होता, स्वस्थ, आणि ढीग अजून बराच शिल्लक होता.